पूल वाजवून पाहताना

कोहमाऱ्याच्या चौकातून राष्ट्रीय महामार्ग 53 ची जड वाहतूक दिवसरात्र जात असते. एका हाताला नागपूर, दुसऱ्या हाताला रायपूर. चौक सोडून सडक अर्जुनी तालुक्याच्या आत शिरले की रस्ते अरुंद होतात आणि पूल लहान. धानाची पोती घेऊन निघालेला ट्रॅक्टर, त्यामागे एसटी, शाळेच्या सायकली, उन्हाळ्यात तेंदूपानांनी भरलेला ट्रक, एवढेच त्यांच्यावरून जाते. असा पूल उभा आहे तोवर त्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही. चुलबंद नदीला मिळणाऱ्या एका नाल्यावरच्या अशाच पुलाची तपासणी मी उन्हाळ्यात पाहिली. तपासणीचे मुख्य साधन होते आवाज.

पूल तीन गाळ्यांचा. प्रत्येक गाळ्यात काँक्रीटच्या तुळया, तुळयांवर 225 मिलिमीटर जाडीचा स्लॅब, स्लॅबवर 75 मिलिमीटरचा काँक्रीटचाच वेअरिंग कोट, म्हणजे चाकांची झीज सोसण्यासाठी घातलेला वरचा थर. दोन गाळ्यांवर त्याच्याही वर पुढे कधीतरी डांबर चढलेले होते. तिसरा गाळा उघडा, खरबरीत, मधूनमधून भेगाळलेला. गावात बोलणे होते, की पूल तसा धड आहे, हा उघडा गाळा तेवढा खराब झाला आहे, त्याच्यावरही डांबर टाकून दिले म्हणजे झाले.

नागपूरच्या एका प्रयोगशाळेची तुकडी उजाडतानाच आली होती. एक इंजिनिअर मॅडम, दोन तंत्रज्ञ आणि मदतीला गावातलेच काही मजूर. ऊन चढायच्या आत काम उरकायचे होते. माणसांच्या जिवासाठी तर खरेच, पण आणखी एका कारणानेही. पूर्व विदर्भात मे महिन्याच्या दुपारी डांबर मऊ पडते, आणि मऊ डांबर आवाज गिळते. नाला कोरडा असल्यामुळे पुलाखाली उभे राहता येत होते. पावसाळ्यात हे काम का करत नाहीत, असे विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "पाण्याची अडचण नुसती उभं राहण्याची नाही हो. भेगेत पाणी भरलं, की लहर त्यातून पार निघून जाते. भेग असते आणि यंत्र सांगतं, सगळं ठीक आहे."

तंत्रज्ञांनी आधी उघड्या गाळ्यावर रंगाच्या दोरीने अर्ध्या-अर्ध्या मीटरचे चौकोन पाडले. आडव्या ओळींना आकडे, उभ्या ओळींना अक्षरे. कागदावर तशीच आखणी. मग साखळी आली. एका लोखंडी पाइपाच्या टोकाला आडवा पाइप जोडलेला आणि त्याला पोलादी साखळीचे हातभर लांबीचे तुकडे लटकवलेले. तो दांडा डावी-उजवीकडे झुलवत माणूस सावकाश चालतो आणि साखळी फरफटत जाते. भरीव काँक्रीटवर ती खणखणते. खाली थर सुटलेला असेल तिथे तीच साखळी एकाएकी भदभदू लागते. हा फरक ओळखायला शिक्षण लागत नाही. कठड्याला टेकून बघत बसलेली पोरेही दोन-तीन फेऱ्यांनंतर "इथं, इथं" म्हणून बोट दाखवू लागली. अमेरिकेतल्या महामार्गांवर पुलांचे स्लॅब तपासण्याची ही प्रमाणित पद्धत आहे आणि तिच्यासाठी लागणारे सगळे सामान सडक अर्जुनीच्या बाजारात मिळू शकते.

साखळीने जागा कळते, पण तिची हद्द कळत नाही. हद्द काढायला हातोडी. मजुरांपैकी एक वयस्क गृहस्थ यात लगेच पुढे आले. तरुणपणी ते जंगलातल्या कुपांवर तोडीच्या कामाला होते. "झाडही असंच पायतो जी आमी," ते म्हणाले, "कुऱ्हाडीचा मागचा भाग मारला का समजते, भरलेलं हाय का अंदरून पोकर." मॅडमनी हातोडी त्यांच्याच हाती दिली. एवढेच सांगितले, की काका, मूठ सैल ठेवा, प्रत्येक ठोका सारखाच मारा आणि हातोडी आपली आपण उसळू द्या. भरीव जागेवरून हातोडी चटकन उसळते आणि मनगटाला ते जाणवते. सुटलेल्या जागेवर ती बसल्यासारखी होते. काका ठोकत सरकायचे, आवाज बदलला की थांबायचे, दोन बोटे मागे यायचे, पुन्हा ठोकायचे आणि म्हणायचे, "येथून पोकर." तंत्रज्ञ तिथे खडूचा ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की उघड्या गाळ्यावर वेडेवाकडे आकार उमटत गेले, काही ताटाएवढे, एक तर खाटेएवढा मोठा.

आवाज का बदलतो, याचे उत्तर दोन थरांच्या सीमेवर सापडते. काँक्रीटमधून ध्वनिलहर सेकंदाला साधारण 4,000 मीटर वेगाने जाते, हवेतून अवघी 340 मीटर. नुसत्या वेगात बारापट फरक. घनतेचा फरक त्याहून कितीतरी मोठा. वेग आणि घनता यांचा गुणाकार म्हणजे पदार्थ लहरीला किती अवरोध करतो याचे माप. ते काँक्रीटचे हवेच्या वीस हजार पटींहून अधिक भरते. इतकी तफावत असलेल्या सीमेवर लहर पोचली की जवळजवळ सगळीच माघारी फिरते. मधली फट केसाएवढी असली तरी चालते. हवा हवी, जाडी नको. म्हणूनच डोळ्याला, एवढेच काय, भिंगालाही जी फट दिसत नाही ती आवाजाला अडवते. पाण्याने भरलेल्या बारीक फटीत मात्र ही तफावत खूपच कमी होते. मॅडम पावसाळा का टाळत होत्या ते इथे कळते.

यात एक गंमत आहे, जी मला प्रत्यक्ष ऐकल्यावरच नीट उमगली. दोष उथळ असेल तर आवाज खाली उतरतो. खोल असेल तर कंपनसंख्या उलट वर चढते. वरचा पातळ पापुद्रा मोठ्या क्षेत्रात सुटलेला असेल, तर ठोका बसताच तो पुरा पापुद्राच वर-खाली वाकून थरथरतो. ही थरथर संथ असते, सेकंदाला हजार-दोन हजार वेळा, आणि ती आपल्या कानाला भद्द ऐकू येते. दोष खोल असेल तर वरचे जाड काँक्रीट वाकत नाही. लहर पृष्ठभाग आणि भेग यांच्यामध्ये येरझारा घालते. अंतर जितके कमी, तितक्या येरझारा जास्त. त्यांचा सूर इतका वरचा असतो आणि इतक्या चटकन विरतो, की कानाला नुसता 'टक्' ऐकू येतो, भरीव जागेसारखाच. म्हणजे काकांचा कान उथळ दोषाला पक्का आणि खोल दोषाला बहिरा. तिथून पुढे यंत्र.

यंत्र म्हणजे लॅपटॉपला जोडलेला एक ग्रहणी खिळा आणि लवचीक तारेच्या टोकाला बसवलेल्या पोलादी गोळ्या, वाटाण्याएवढ्या ते गोटीएवढ्या. खिळा काँक्रीटवर टेकवायचा, शेजारी गोळीने टिचकी मारायची. लहर स्लॅबच्या तळापर्यंत जाऊन परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. लॅपटॉप त्या कंपनांतून सर्वांत ठळक कंपनसंख्या वेगळी काढतो आणि पडद्यावर एक शिखर उभे राहते. हिशेब शाळेतल्या गणितासारखा आहे: वेगाला जाडीच्या दुपटीने भागायचे आणि स्लॅबसारख्या पसरट आकारासाठी 0.96 ने गुणायचे. या पुलावर स्लॅब आणि वेअरिंग कोट मिळून 300 मिलिमीटर; वेग 4,000 मीटर धरला तर शिखर 6,400 हर्ट्झच्या आसपास यायला हवे. पहिल्या काही चौकोनांत ते तिथेच आले. तळापर्यंत मधे काही नाही, असा त्याचा अर्थ. एका चौकोनात मात्र, जिथे काकांच्या हातोडीला काहीच वावगे वाटले नव्हते, शिखर बारा हजारांच्या पुढे गेले. कंपनसंख्या दुप्पट, म्हणजे अंतर निम्मे. पृष्ठभागाखाली साधारण 150 मिलिमीटरवर, स्लॅबच्या पोटात, काहीतरी लहरीला अडवत होते. तंत्रज्ञाने गोळी बदलून लहान घेतली. गोळी जितकी लहान, तितका तिचा स्पर्श क्षणिक आणि तितकी बारीक कंपने जास्त. लहान दोषाला अशी टिचकी लागते. शिखर हलले नाही. चौकोनावर लाल खडूने 'ख' लिहिले गेले. ख म्हणजे खोल.

ही पद्धत तशी अलीकडची. धातूच्या पोटातले दोष ध्वनीने शोधण्याची कल्पना लेनिनग्राडच्या सर्गेई सोकोलोव्ह यांनी 1928 मध्ये मांडली. काँक्रीटचे प्रकरण त्याहून अवघड होते, कारण ते एकजिनसी नसते: गिट्टी, वाळू, सिमेंट, सळी आणि हवेचे बुडबुडे. 1940 च्या दशकात कॅनडातल्या ओंटारिओच्या जलविद्युत मंडळात लेस्ली आणि चीझमन यांनी धरणांच्या काँक्रीटमधल्या भेगा मोजण्यासाठी एक ध्वनियंत्र तयार केले. टिचकीची पद्धत 1980 च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत मेरी सॅन्सालोन आणि निकोलस कॅरिनो यांनी विकसित केली. तिची खरी किंमत एका गोष्टीत आहे: स्लॅबच्या एकाच बाजूने तपासता येते. रस्ता, बोगद्याचे अस्तर, धरणाची भिंत यांची दुसरी बाजू हाताला लागतच नाही.

उघडा गाळा संपेपर्यंत उन्हाने जोर धरला होता. आता डांबराच्या गाळ्यांची पाळी. साखळी फिरवली तर सगळीकडे एकच आवाज, सरसर, ना खणखण ना भदभद. काकांनी ठोकून पाहिले आणि हातोडी खाली ठेवली. "हे डांबर काईच बोलत नाई जी." डांबर लवचीक, ठोक्याची बरीचशी ताकद त्यातच जिरते आणि जी खाली जाते ती परत वर येताना पुन्हा जिरते. वरून पाहणाऱ्यासाठी हे दोन गाळे सर्वांत चांगले होते. ऐकणाऱ्यासाठी ते मुके होते.

म्हणून सगळे नाल्यात उतरले. मधल्या गाळ्याच्या तळाला वरून न दिसणारी चिन्हे होती. चुन्याचे पांढरे ओघळ, त्यांत मधेच तांबूस डाग, आणि कठड्याजवळ पाणी जाण्यासाठी ठेवलेले पाइप तोंडाशी काळ्या डांबराने बुजलेले. तंत्रज्ञ शिडीवर चढून खालून ठोकू लागला. खालून ठोकताना माणूस लवकर थकतो, मान वर, हात वर, डोळ्यांत भुकटी. तुळयांच्या मधल्या भागात दोन ठिकाणी आवाज फाटला. त्या जागा खडूने खुणावून, कठड्यापासून अंतर मोजून वर नेल्या आणि बरोबर त्यांच्यावर डांबराचा हातभर चौकोन छिन्नीने काढून टाकला. काँक्रीट उघडे पडल्यावर दगडाने घासून गुळगुळीत केले, त्यावर ग्रीस लावले आणि एक प्रोब वर, एक खाली, असे समोरासमोर धरले.

ही दुसरी पद्धत, आपल्याकडे जुन्या इमारतींच्या तपासणीतून बऱ्याच जणांना ऐकून माहीत असलेली. एका प्रोबने 54 किलोहर्ट्झची लहर सोडायची, दुसऱ्याने घ्यायची आणि मधे किती वेळ लागला ते मायक्रोसेकंदांत वाचायचे. ग्रीस नसेल तर प्रोब आणि काँक्रीट यांच्यात हवेचा पापुद्रा राहतो आणि लहर उंबऱ्यावरूनच परत फिरते. सळीवर प्रोब ठेवायचा नाही, कारण पोलादात लहर काँक्रीटच्या दीडपट वेगाने पळते आणि आकडा फसवा चांगला येतो. म्हणून आधी सळ्यांची जागा मोजमापाने काढलेली. चांगल्या जागी 300 मिलिमीटरला 75 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला 4 किलोमीटर. खुणावलेल्या जागी आकडा 112 वर गेला, वेग 2.7 किलोमीटरच्याही खाली. एका ठिकाणी तर आकडा स्थिरच होईना. लहर फटीला वळसा घालून, थकून पोचत होती किंवा पोचतच नव्हती. भारतीय मानक ब्युरोच्या 1992 च्या आयएस 13311 या संहितेत याची साधी उतरंड दिली होती: 4.5 किलोमीटरहून अधिक वेग म्हणजे उत्तम, 3.5 ते 4.5 चांगले, 3 ते 3.5 मध्यम आणि 3 च्या खाली शंकास्पद. 2018 मध्ये संहिता सुधारली, पण साइटवर बोलताना जुनीच उतरंड अजून तोंडी असते. त्यातला शब्द लक्षात घेण्यासारखा आहे: शंकास्पद. निकामी असे संहितेने म्हटलेले नाही.

कारण आवाज फक्त एवढेच सांगतो, की इथे काहीतरी वेगळे आहे. ते काय, हे पाहायला फोडावे लागते. मधल्या गाळ्यावर मॅडमनी खुणेच्या जागी एक छोटी खिडकी फोडायला सांगितली. वेअरिंग कोटचा तुकडा पहारीच्या एका हिसक्यात सुटून आला. खालच्या स्लॅबशी त्याचे काही नातेच उरले नव्हते. त्याच्या पाठीवर ओल्या मातीचा थर होता. त्याखालचे काँक्रीट सळीच्या पातळीवर पुन्हा दोन पापुद्र्यांत फुटलेले, आणि सळी फुगून तांबडी. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. ती जागा तो वरच्या काँक्रीटला रेटूनच मिळवतो. तंत्रज्ञाने ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारले. निरोगी काँक्रीट अल्कधर्मी असते आणि या द्रावणाने गुलाबी होते. इथे सळीच्या भोवतीचा भाग रंगलाच नाही. बोटभर खाली गेल्यावर गुलाबी रंग सुरू झाला. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वरच्या भागाची अल्कता संपवली होती आणि सळीचे कवच गेले होते.

कोकणातल्या पुलांना समुद्राची खारी हवा खाते. गोंदिया जिल्ह्यात खारी हवा नाही, पण पावसाळा भरपूर आहे आणि पुलावर साचलेले पाणी वाट शोधतेच. या पुलावर ते पाइपातून जायचे. डांबर टाकताना पाइपांची तोंडे बुजली. मग पाणी डांबर आणि कोट यांच्या मधे, कोट आणि स्लॅब यांच्या मधे मुक्काम करू लागले. वर चाके, खाली पाणी. प्रत्येक चाकाबरोबर ते फटीत दाबले जाते आणि फट थोडी पुढे सरकते. शिवाय डांबराला वजन असते. 50 मिलिमीटरचा एक थर म्हणजे चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या जवळपास भार, तोही कायमचा. पूल बांधणाऱ्याने तो हिशेबात धरलेला असेलच असे नाही. रस्ता गुळगुळीत झाला म्हणून गाव खूश होते, आणि तोच गुळगुळीतपणा खालच्या बिघाडावर पांघरूण घालून त्याला पाणी पाजत होता.

याच तालुक्यात आवाजाने तपासणी करणारे आणखी एक खाते आहे, रेल्वेचे. सौंदड स्टेशनवरून गोंदिया-बल्लारशाह लोहमार्ग जातो. रुळांवरून ढकलत नेण्याची एक छोटी गाडी असते. तिच्या पोटात वेगवेगळ्या कोनांत बसवलेले प्रोब आणि रुळावर सतत पाण्याची धार, कारण तिथे ग्रीसचे काम पाणी करते. रुळाचे पोलाद एकजिनसी असल्यामुळे तिथे दोन ते चार मेगाहर्ट्झच्या लहरी चालतात, ज्यांची लांबी दीड ते तीन मिलिमीटरच्या घरात असते, आणि बारीक चीरही सापडते. काँक्रीटमध्ये तसे करता येत नाही. 20 मिलिमीटरच्या गिट्टीवर आपटून अशी बारीक लहर इतस्ततः उधळते. म्हणून 54 किलोहर्ट्झ, जिची लांबी काँक्रीटमध्ये सात सेंटीमीटरहून थोडी अधिक. काँक्रीट ऐकायचे तर जाडेभरडेच ऐकावे लागते.

फरक लहरीपुरता नाही, व्यवस्थेचाही आहे. रुळांच्या तपासणीला वेळापत्रक असते आणि ते त्या मार्गावरून किती टन वाहतूक गेली यावर ठरते. गंभीर दोष सापडला की रुळाच्या अंगावर लाल रंगाच्या फुल्या मारल्या जातात, तिथे आधाराच्या पट्ट्या जोडल्या जातात, गाड्यांचा वेग उतरवला जातो आणि रूळ बदलेपर्यंत ती नोंद मिटत नाही. राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांसाठी केंद्र सरकारने 2016 मध्ये देशव्यापी नोंदणी सुरू केली. आतल्या रस्त्यावरच्या तीन गाळ्यांच्या पुलाला मात्र बहुधा एकच नोंद मिळते: दृश्य तपासणी, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. पाहून जेवढे कळते तेवढे त्यात येते.

आवाजाकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्याही. पुराचे पाणी पायाखालची माती कशी ओढून नेते, हे स्लॅबवर साखळी फिरवून समजणार नाही. त्यासाठी पाया तपासावा लागतो, नदीचा तळ मोजावा लागतो. आणि तपासणी झाली म्हणजे धोका टळला असेही नाही. 14 मार्च 2019 ला मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला, तेव्हा त्याची संरचनात्मक तपासणी होऊन गेलेली होती आणि तिच्यात त्याला किरकोळ दुरुस्ती सुचवलेली होती. तपासणी म्हणजे किती ठिकाणी ठोकले, कुठे प्रोब लावले, कुठे फोडून पाहिले आणि कुठे पोचताच आले नाही, याचा नकाशा. त्याच्याशिवायचा 'समाधानकारक' हा शेरा कागदावरच राहतो.

दुपारी झाडाच्या सावलीत मॅडमनी तो नकाशा पुरा केला. उघड्या गाळ्यावरचे बहुतेक दोष उथळ होते: वेअरिंग कोट स्लॅबपासून सुटलेला, स्लॅब स्वतः धड. तिथे सुटलेला कोट काढून नवा घालणे पुरेसे होते. 'ख' लिहिलेल्या जागी कोअर, म्हणजे नळीने कापून काढायचा दंडगोल तुकडा, घ्यायचे ठरले. कदाचित बांधतानाच काँक्रीट नीट दाबले न गेल्याने राहिलेली ती पोकळी असेल. खरे काम मधल्या गाळ्यात निघाले. सुटलेला सगळा भाग काढणे, सळ्या घासून स्वच्छ करणे, गरज पडेल तिथे नव्या जोडणे, नवे काँक्रीट भरणे, आणि सर्वांत आधी पाण्याचे पाइप मोकळे करणे. तोवर जड वाहनांना बंदी, अशी शिफारस अहवालात गेली. गावाने ज्याला खराब म्हटले होते तो गाळा स्वस्तात सुटला. ज्याला चांगले म्हटले होते त्याला मोठा खर्च लागला.

निघताना मी मॅडमना विचारले, की हेच आधी करता आले नसते का. त्या म्हणाल्या, "डांबर टाकायच्या आदल्या दिवशी साखळी फिरवली असती, तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. कोट उघडा होता तेव्हा." मग थोडे थांबून, "काका आहेतच की गावात."

मला या सगळ्यातून एकच गोष्ट सांगावीशी वाटते. थरांनी बनलेल्या कुठल्याही बांधकामात दोष बहुतेक वेळा थराच्या पोटात जन्मत नाही; तो दोन थरांच्या मधे जन्मतो, जिथे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी केलेली कामे एकमेकांना भेटतात. आणि प्रत्येक नवा थर आधीच्या सांध्याला झाकतो. म्हणून तपासायची योग्य वेळ नवा थर चढवण्याआधीची असते, नंतरची नाही.

आपल्या गावाच्या पुलावर पुढच्या वेळी डांबराचे काम मंजूर झाले, तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. डांबर टाकण्याआधी जुना पृष्ठभाग साखळीने आणि हातोडीने तपासण्याची बाब अंदाजपत्रकात आहे का? पाण्याचे पाइप मोकळे ठेवण्याची जबाबदारी कुणाची? आणि तपासणीचा नकाशा, पोकळ जागांच्या खुणांसह, ग्रामपंचायतीत ठेवणार का? तिन्ही प्रश्नांना लागणारा खर्च डांबराच्या खर्चापुढे नगण्य आहे. उत्तर 'नाही' आले, तर डांबर थांबवा आणि आधी पूल वाजवून घ्या.